तांबड्या गाईचा तारांकित प्रश्न

खारमळ्यात जोतीरामतात्यांना सगळे मंत्री म्हणतात. निरवांगीच्या रस्त्याला लागून असलेलं हे शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव. इथं निवडणुकीला उभे राहून आपटलेले दर दुसऱ्या घरात सापडतील, पण तात्या कधी सोसायटीच्या पंचालाही उभे राहिले नाहीत. ते तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहेत, सत्तावीस वर्षं एकाच टेबलामागे. तरी नाव मंत्री पडलं आणि ते अगदीच उगीच नाही. विधानसभेत मंत्री उभे राहून जी उत्तरं देतात, त्यातली तालुक्याच्या वाट्याची उत्तरं तात्यांच्या हातची असतात.

त्याचं असं आहे. आमदार प्रश्न विचारतो, तो मंत्रालयात येतो. मंत्रालयातल्या साहेबांना खारमळा कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसतं, म्हणून ते प्रश्न पुण्याला धाडतात. पुण्यातले मोठे साहेब तो जिल्ह्याच्या धाकट्या साहेबांकडे सरकवतात, धाकटे तालुक्याला, आणि तालुक्याचे साहेब खुर्चीतूनच हाक मारतात, "तात्या!" तोवर कागदाच्या कपाळावर 'विधिमंडळ प्रश्न, अत्यंत तातडीचे' असा तांबडा शिक्का बसलेला असतो आणि उत्तर दिवस मावळायच्या आत हवं असतं. वरच्या सगळ्यांनी तो आपापल्या टेबलावर चार-चार दिवस मुरवलेला असतो, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

प्रश्नाची चालही ठरलेली. अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्यावर तात्यांकडे तीनच औषधं. 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्याला नाही म्हटलं की दुसरा आणि तिसरा आपोआप उद्भवायचे थांबतात, ही युक्ती त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी सापडली. सत्तावीस वर्षांत त्यांच्या उत्तरापायी एकाही मंत्र्याला खाली बघावं लागलं नाही. वरचे साहेब तर त्यांचा कागद वाचतही नसत, सही करून पुढं ढकलत. तात्यांनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय, असा लौकिक होता.

या कर्तबगारीचा तात्यांना भलताच तोरा होता. टीव्हीवर अधिवेशन लागलं आणि मंत्र्यांनी 'तथापि' म्हटलं की हे मांडीवर थाप मारून सुनेला, सुप्रियाला सांगत, "ह्यो तथापि माझा." कामाची भाषा घरातही शिरली होती. आमटी खारट झाली का, असं बायकोनं विचारलं, तर सरळ हो म्हणायचं सोडून हे म्हणत, "अंशतः." कुशाबाई ताट आपटत, पण तीस वर्षांच्या संसारात एवढ्यातेवढ्यावरून कोण भांडत बसणार?

भांडण झालं नाही, हेच चुकलं म्हणायचं.

खारमळ्यात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. म्हणजे इमारत आहे, पाटी आहे आणि गंजलेलं कुलूप आहे. कागदावर तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येतात. दोन वर्षांमागं कुशाबाईंची तांबडी गाय अडली ती शुक्रवारीच. कुशाबाई चपला न घालता दवाखान्याकडं पळाल्या, कुलपाला हात लावून परत आल्या. बारामतीहून खासगी डॉक्टर निघाले, पण वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ते पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले आणि तांबडी पोटातल्या वासरासकट गेली होती. ती गाय कुशाबाईंनी स्वतः वाढवलेली, आई मेलेलं वासरू बाटलीनं दूध पाजून. कुणी परकं गोठ्यात शिरलं की तांबडी शिंग उगारायची आणि कुशाबाई दिसल्या की मान खाली घालायची.

महिन्याभरानं तात्यांच्या टेबलावर एक प्रश्न आला. तालुक्यातले दवाखाने बंद असल्यामुळे उपचाराअभावी जनावरे दगावली, हे खरे आहे काय? तात्यांनी रजिस्टर बघितलं. गाय मेल्याची नोंद डॉक्टर करतात. डॉक्टर आले नव्हते म्हणून नोंद नव्हती, आणि नोंद नव्हती म्हणून गाय मेलेली नव्हती. हात सवयीनं चालला. 'हे खरे नाही. एकही जनावर दगावलेले नाही.' त्या दिवशी जेवताना मात्र त्यांचं गोठ्यातल्या मोकळ्या दाव्याकडं लक्ष गेलं, आणि त्यांनी पाट फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

कुशाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर दूध केंद्रावरच्या बायकांनी ठरवलं की दवाखान्याचं गाऱ्हाणं आमदारांच्या कानावर घालायचं, आणि बोलायला कुशाबाईंना पुढं केलं. आमदार इंदापूरच्या कार्यालयात भेटले नाहीत. भेटला त्यांचा स्वीय सहायक इंद्रजित, भलताच हुशार पोरगा. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, मावशी, हा प्रश्न आधी येऊन गेलाय. मोबाइलवर जुनं उत्तर काढून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही जनावर दगावलेले नाही.

सोबतच्या बायकांनी एकदम कुशाबाईंकडं बघितलं. तालुक्याची उत्तरं कोण लिहितं हे खारमळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुशाबाईंनी पदर सावरला आणि इंद्रजितला म्हटलं, "आता मी सांगती तसं लिव्ह."

घरी येऊन त्यांनी रोजच्यासारखी चूल पेटवली. भाकरी थापली, वाढली, भांडी घासली. तात्यांना वाटलं, आज बाईसाहेबांची तब्येत बरी दिसते.

तो प्रश्न चुलीपासून निघाला, इंदापूरहून मुंबईला गेला, मंत्रालयातून पुण्याला उतरला आणि एक्केचाळीस दिवसांनी त्याच घरातल्या माणसाच्या टेबलावर येऊन पडला. तात्यांनी चष्मा लावला. 'मौजे खारमळा येथील पशुवैद्यकीय दवाखाना सतत बंद असल्याने तांबड्या रंगाची, डावे शिंग मोडलेली, दुसरे वेत असलेली गाय शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास वासरासह दगावली, हे खरे आहे काय?' शेजारी तारा होता. म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणार.

मोडलेलं शिंग कुणाच्या कागदावर नव्हतं. ते फक्त त्यांच्या गोठ्यात ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांत त्यांना कधी असा प्रश्न आला नव्हता, की विचारणारी बाई संध्याकाळी चहा घेऊन समोर उभी राहणार होती.

नाही म्हणून लिहिणं सोपं होतं. खरं लिहिलं, तर दोन वर्षांपूर्वीचं उत्तर खोटं ठरत होतं. मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आला असता आणि तो वरून गडगडत नेमका त्यांच्या डोक्यावर थांबला असता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी मधला मार्ग काढून पाहिला, 'हे अंशतः खरे आहे', आणि स्वतःशीच शरमले. गाय अंशतः कशी मरणार?

साहेबांनी दारातून दोनदा डोकावून घाई केली. तात्यांनी कागद ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'हे खरे आहे.' खाली जोडलं, 'यापूर्वी दिलेली माहिती चुकीची होती.' साहेबांनी न वाचता सही ठोकली. जिल्ह्यानं ठोकली. पुण्यानं ठोकली, आणि मंत्रालयात ते जसंच्या तसं छापलं गेलं.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. तात्यांनी किरकोळ रजा टाकली आणि दूध केंद्रावर जाऊन बसले. केंद्र चालवणाऱ्या सिद्धूनं मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता, भोवती अर्धा गाव. प्रश्नोत्तराचा तास चालू झाला. आपले आमदार उठले ते भडकूनच. छापील उत्तर सकाळपासून त्यांच्या बाकावर पडलं होतं. ते उघडून बघायची तसदी अर्थातच त्यांनी घेतली नव्हती. सरकार गरिबाच्या मेलेल्या गाईला मेली म्हणायलाही तयार नाही, हा कसला कारभार, मंत्र्यांनी एकदा तरी खरं बोलावं, असं ते तावातावानं बोलत राहिले.

मंत्री शांतपणे उठले. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी उत्तर वाचलेलं दिसत नाही," ते म्हणाले, आणि ठसक्यात वाचायला लागले. "हे खरे आहे." इथं ते थांबले. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांनीही उत्तर आत्ताच वाचलं होतं. मागच्या गॅलरीत बसलेले मंत्रालयातले साहेब खाली वाकून पेन शोधायला लागले. आता माघार घ्यायची कशी? मंत्र्यांनी घसा साफ करून पुढचंही वाचलं, चुकीच्या माहितीबद्दलचं वाक्यसुद्धा.

आमदारांच्या हातात चार उपप्रश्न होते आणि चारही मंत्री नाही म्हणणार असं धरून लिहिलेले. ते कागद वरखाली करत उभे राहिले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. हक्कभंगाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्यासाठी जुनं उत्तर वाचलेलं असावं लागतं. हसू विरोधकांवर उलटलंय हे बघून मंत्र्यांना चेव आला आणि त्यांनी तीस दिवसांत खारमळ्याला कायमचा डॉक्टर द्यायची घोषणा करून टाकली. दूध केंद्रावर सिद्धूनं शिट्टी वाजवली.

तेवढ्यात तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. हे काय लिहिलंत, कुणाला विचारून लिहिलंत, तुमच्यावर कारवाई करावी लागेल, असं बरंच काही ते बोलले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं म्हणाले, "करा की साहेब. पन त्या कागदावर माजी सही कुठं हाय? तुमची हाय, जिल्ह्याची हाय, पुण्याची हाय." मग साहेबांनी विचारलं, रजा कधीपर्यंत आहे.

तात्या छाती काढून घराकडं निघाले. वाटेत दोघातिघांनी पाठ थोपटली. आता कुशा काय म्हणते, हे ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

कुशाबाई गोठ्यात शेण भरत होत्या. सुप्रियाच्या मोबाइलवर त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी पाटी खाली ठेवली, हात झटकले, पण नवऱ्याकडं बघितलं नाही. "मंत्री म्हनला, गाय मेली," त्या म्हणाल्या. "मला मंत्र्याकडनं काय ऐकायचं हुतं व्हय? ती मेली तवा मी हितंच हुते की. तुमी बी हुता. दोन वरसं झाली, तुमी एकदा तरी म्हनला का, कुशा, तुझी गाय गेली म्हनून?"

तात्यांच्या तोंडाशी कितीतरी वाक्यं आली. नोंदीचं, रजिस्टरचं, साहेबांच्या घाईचं. सत्तावीस वर्षं असली वाक्यं हाताशी ठेवलेला माणूस. त्यातलं एकही इथं चालणार नाही हे त्यांना कळलं आणि फार वाईट वाटलं. ते शेणातच बूड टेकून बसले.

"गेली," ते म्हणाले. "आन मी लिवलं, गेली न्हाय. माजं चुकलं."

कुशाबाई दोन वर्षांत त्यांच्यासमोर रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "एवढं घरात बोलायचं, तर तुमाला नागपूरला वळसा घालून यावं लागलं. उटा, जेवून घ्या."