बर्फाच्या कारखान्यातली खरवड

साताऱ्याहून महाडची एसटी सकाळी सव्वासहाला सुटली, तेव्हा नितीनची बायको स्वाती छोट्या पिंकीला, त्यांच्या लेकीला, कडेवर घेऊन खिडकीबरोबर चालत होती. "ताई, तुमच्या भरवशावर पाठवतेय. त्यांना आत जाऊ द्यायचं नाही," ती मला म्हणाली. मी मान डोलावली.

नितीन माझा धाकटा भाऊ, वय एकोणचाळीस. दोन महिन्यांपूर्वी तो झोपेतून उठला आणि उजव्या कानानं त्याला काहीच ऐकू येईना. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, कान काही परत आला नाही. डावा तेवढा जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आम्ही निघालो होतो रेवदंड्याला, ते आवाजासाठीच.

'खरवड' नावाचा एक बँड आहे. वर्तमानपत्रात त्यांचं नाव कधी आलं नाही. त्यांच्या गिटारी खरखरतात, किंचाळतात, शब्द विहिरीतून आल्यासारखे घुमत राहतात. नितीन कॉलेजात असल्यापासून त्यांचा भक्त. भिंतीपलीकडून मला ते नेहमी फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखं वाटायचं. बँडनं बरीच वर्षं वाजवणं सोडलं होतं. आता अचानक रविवारी दुपारी रेवदंड्यात वाजवणार अशी बातमी फिरली. "मी बाहेर बसेन. बाहेर येईल तेवढं ऐकेन," नितीन म्हणाला. मी सोबत असेन तर जा, असं स्वाती म्हणाली.

मी लगेच तयार झाले, आणि ते नुसतं भावाच्या काळजीपोटी नव्हे. माझी पिठाची गिरणी आहे. बावीस वर्षं मी दिवसभर आवाजात उभी आहे. संध्याकाळी बटण बंद केलं की कान सुटल्यासारखे वाटतात. असल्या आवाजासाठी माणसं घाट उतरून का जातात, हे मला बघायचं होतं.

आंबेनळी घाटात नितीनला दोनदा उलटी झाली. कान गेल्यापासून त्याचा तोलही जरा बिघडलाय. पोलादपूरला लिंबू सरबत पाजलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर रंग आला. महाडला गाडी बदलून माणगावला पोचलो तर ऊन माथ्यावर होतं. स्टँडबाहेर संतोष टेम्पो घेऊन उभा होता. हा नितीनचा मित्र, पण दोघं आजवर दोनदाच भेटलेले. बाकीची दोस्ती फोनवरची, 'खरवड'मुळे झालेली. तो एका कारखान्यात पाळीवर जातो आणि पावसाळ्यात घरचं भात लावतो. काळा, हडकुळा, लाजरा माणूस. त्याला बघून हा असलं काही ऐकत असेल असं कुणाला वाटणार नाही.

मुक्काम त्याच्याच घरी, माणगावपासून सात-आठ किलोमीटर आतल्या गावात. जेवायला तांदळाची भाकरी, बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) आणि परतलेला जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) होता. संतोषच्या आईनं मला चुलीशी बसवलं आणि हळूच विचारलं, "तुमचा भाऊपन त्यातलाच व्हय?"

"त्यातलाच."

"आमचा पोरगा शेतात बी तेच लावतो. मी म्हनलं, आरं, भांडी पडल्यागत वाजतंय. तर हसतो नुसता." मग भाकरी उलटत म्हणाली, "दारू न्हाय, तंबाखू न्हाय. वाजू दे म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोनं इंदापूर, तळा, रोहा असं करत निघालो. तळ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि जादा चाकातही हवा कमी निघाली. तासभर आम्ही काजूच्या सावलीत बसलो. पहिलं गाणं कोणतं असेल यावर दोघांचं भांडण जुंपलं. शाळेतली पोरं क्रिकेटवरून भांडतात तसं, अगदी मनापासून. मी ऐकत होते आणि नितीनच्या तोंडी सारखं येणाऱ्या 'उलटी भरती' या नावापलीकडे मला एक अक्षर कळत नव्हतं.

साळावचा पूल ओलांडताना खाली खाडीत होड्या ओळीनं लागलेल्या दिसल्या. पलीकडे रेवदंडा. अलिबागच्या रिक्षांचा घोळका, माडांची दाटी आणि सगळ्यावर सुकत्या मासळीचा वास. कार्यक्रमाची जागा म्हणजे खाडीकाठचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. समोरच्या मैदानात बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगले होते. दाराशी साठ-सत्तर लोक जमले होते. टक्कल पडलेले होते, पोट सुटलेले होते, पनवेलची एक परिचारिका तर रात्रपाळी करून थेट आली होती. नितीनला बघून चार-पाच जण धावत आले. "तू येणार नाहीस असं ऐकलं होतं!" त्याला कुणी मिठी मारली, कुणी पाठीत गुद्दा घातला. माझा गप्प भाऊ इतका बोलतो, हे मला नव्यानं कळलं.

मग सगळे आत गेले. संतोष रेंगाळला, पण नितीननं त्याला ढकललंच. लोखंडी दार बंद झालं आणि आम्ही दोघं बाहेरच्या ओट्यावर बसलो.

काहीच ऐकू येईना.

पाच मिनिटं गेली. मला वाटलं, अजून सुरू झालं नसेल. म्हणून मी उठून दार हातभर उघडलं, तर आवाजाचा लोट अंगावर आला! चटकन बंद केलं. पुन्हा चिडीचूप. बर्फ वितळू नये म्हणून त्या खोलीच्या भिंती फूटभर जाड केलेल्या, आत बूच भरलेलं. गावाला त्रास नको म्हणून बँडनं मुद्दाम ही जागा निवडली होती, आणि आम्हा दोघांना ते ठाऊकच नव्हतं.

नितीन गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. इतका प्रवास, दोन उलट्या, आणि हे. मला त्याच्याकडे बघवेना.

"मी जाऊन बघते काय चाललंय ते," मी म्हणाले. गिरणीतल्या सवयीनं पिशवीत कापूस असतोच. दोन्ही कानांत बोळे घातले आणि आत शिरले.

आत अंधार होता. समोरच्या भिंतीवर यंत्रातून रंगीत तेल-पाण्याचे डाग सोडले होते. ते फुगत, फुटत, एकमेकांत मिसळत होते. एक उंच माणूस गिटारच्या तारांवर चक्क पाना घासत होता. शेजारी करड्या केसांची बाई जाड तारांची गिटार घेऊन डोळे मिटून उभी होती. मी बाहेर पळाले.

"पाना घासतोय. आणि खालून एक आवाज येतोय, गिरणीचा पट्टा सैल झाल्यावर येतो ना, तसा. धरतो आणि सुटतो, धरतो आणि सुटतो."

नितीननं मान वर केली. "'गाळ'! ताई, ते 'गाळ' वाजवतायत! आता मध्ये थांबतील. जा, जा लवकर!"

मी गेले. खरंच थांबले. त्या थांबण्यात कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग सगळं एकदम कोसळलं. मी परत बाहेर येऊन सांगितलं. असं चालूच राहिलं. आत जायचं, ऐकायचं, बाहेर येऊन सांगायचं. तो विचारायचा, "तो बोलतोय का गातोय?" मी सांगायची, "भरती-ओहोटीच्या वेळा वाचतोय बहुतेक. एकेक आकडा पाच-पाचदा घुमतोय, शेवटी नुसता फेस उरतो." तो गाण्याचं नाव सांगायचा, ओट्यावर बोटांनी ठेका धरायचा. पुढच्या खेपेला नीट सांगता यावं म्हणून मी जास्त लक्ष देऊ लागले. आधी सगळा एकच गोंगाट होता, आता त्यात पाना वेगळा, ढोल वेगळा, ती जाड तार वेगळी कळायला लागली.

बोंबील उलटणारी कोळीण केव्हाची आमच्याकडे बघत होती. तिनं अखेर विचारलं, "काय गो बाय, तुजा भाऊस आत का नाय जात?"

मी कानाचं सांगितलं. तिनं नितीनला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग बसून काय र्‍हातोस? ये, बोंबील उलट." नितीन निमूट उठला आणि बोंबील उलटायला लागला.

तेवढ्यात संतोष घामानं निथळत बाहेर आला. "शेवटचं आहे. 'उलटी भरती.' दहा मिनिटं तरी चालेल," त्यानं सांगितलं आणि धावत परत गेला. नितीनचे हात थांबले. हेच गाणं ऐकायला तो आला होता, हे तळ्याजवळच्या भांडणावरून मलासुद्धा ठाऊक झालं होतं.

मी म्हणाले, "चल. दाराशी उभा राहा. कानात कापूस घाल, वर माझी ओढणी गुंडाळ. स्वातीला काय सांगायचं ते मी बघते."

तो दाराकडे बघत राहिला. हातात बोंबील तसाच.

"नको ताई," तो म्हणाला. "पिंकी आता कुठे गोष्टी सांगायला लागलीय. आवाज बारीक आहे गं तिचा." मग म्हणाला, "तू जा. या वेळी मध्येच बाहेर येऊ नकोस."

मी गेले. भिंतीला टेकून उभी राहिले आणि एका कानातला बोळा काढला.

पाना, ढोल, तार, सगळं एकमेकांवर चढत गेलं. आधी मला भीती वाटली. मग छातीत काहीतरी हलायला लागलं आणि भीती गेली. आवाज इतका वाढला की त्याला बाहेर-आत उरलं नाही. आणि त्या सगळ्याच्या पोटात एक बारीक, गोड सूर होता, जो लांबून कधीच ऐकू आला नसता. शेजारी ती पनवेलची परिचारिका उभी होती, तोंड वर करून, रात्रभराचा थकवा उतरल्यासारखी. मग ते थांबले.

बाहेर आले तेव्हा डोळे दिपले होते. पाठोपाठ तो उंच गिटारवाला चहा शोधत आला. नितीन पुढे होऊन म्हणाला, "मस्त झालं."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"इथेच. ताई सांगत होती."

त्याला आधी समजेना. समजलं तसा तो माझ्याकडे वळला. "मग मलाही सांगा. वाजवताना आम्हाला काही कळत नाही."

मी बोंबलांकडे बघून हसले.

संध्याकाळी माणगावला येऊन मुक्काम केला आणि सोमवारी पहाटे परतीची गाडी धरली. स्वातीला फोनवर सांगितलं की तो बाहेरच होता. खोटं बोलावं लागलं नाही, याचं फार बरं वाटलं. पुढच्या तपासणीत डावा कान होता तसाच निघाला.

बावीस वर्षं आवाज सोसला, ऐकला कधीच नव्हता. ऐकायला नुसते स्वतःचे कान असून भागत नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी आत जावं लागतं, एवढं मला रेवदंड्यात कळलं. बाकी ते संगीत आहे की नाही, यावर मी आजही वाद घालणार नाही.

त्या परतीच्या गाडीत पोलादपूर गेल्यावर नितीननं मला उठवलं आणि त्याच्या जागी खिडकीशी बसवलं. आता त्याचा डावा कान माझ्याकडे झाला. गाडी घाट चढायला लागली होती.

"हं," तो म्हणाला. "'उलटी भरती'. सावकाश सांग, पहिल्यापासून."