वरची मूठ

"हात कर."

भाव विचारणाऱ्याला ती एवढंच म्हणायची. कुरखेड्याच्या आठवडी बाजारात तुम्ही कधी हिंडला असाल, तर मिरचीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला बसणारी ती जवसवाली बाई तुम्हीही पाहिली असेल. समोर जवसाची टोपली, टोपलीत लाकडी मापटं, मांडीशी भाजलेल्या जवसाचा डबा. गिऱ्हाईक म्हणे, "काय भाव, बाई?" बाई म्हणे, "हात कर." मग हातावर चिमूटभर भाजलेलं जवस पडे, आणि ते तोंडात गेलं की मगच ती भाव सांगे.

यातली चलाखी ओळखायला मला बराच काळ लागला, आणि मी तर स्वतःला बाजारातला माणूस म्हणवतो. भाजलेलं जवस आधी दाताखाली कुरकुरतं. जरा चावलं की चिकट होतं, टाळूला धरतं. नीट चावल्याशिवाय गिळता येत नाही आणि चावून होईपर्यंत धड बोलता येत नाही. तेवढ्यात बाईचा भाव सांगून झालेला असे, मापटं भरून झालेलं असे. घासाघीस करायला जीभ मोकळी होईस्तोवर माल पिशवीत पडलेला असे.

आता माझं सांगतो. सायकलवर गावोगाव हिंडून मी मोहफुलं, चारोळी, हिरडा गोळा केला आणि त्यातून धान्याचं दुकान उभं केलं. बापाने मला एक सायकल दिली होती, तिचंही मागचं चाक मीच बसवलं. माझ्या दुकानात माझ्याशी भाव करून कोणी जिंकून गेल्याचं मला आठवत नाही. माझा आवाज चढला की समोरच्या हॉटेलातले लोक कपबशी खाली ठेवून ऐकतात. असा माणूस मी, आणि त्या बाईने मला आयुष्यभर एका मुठीसाठी झुलवलं.

मुठीची गोष्ट अशी. आमच्याकडे मापून झाल्यावर विकणारा वरून एक मूठ टाकतो. ती मापात नसते, भावात नसते. ती नुसती द्यायची असते. ही बाई सगळ्यांना मूठ टाकायची. शाळेच्या बाईंना टाकायची, पोलिसाच्या बायकोला टाकायची, दारू पिऊन आलेल्या रिक्षावाल्यालाही टाकायची. मला नाही. माझं मापटं काठोकाठ भरे, वर सपाट हात फिरवे, पिशवीत ओती आणि हात पदराला पुसून मोकळी होई.

"मूठ?" मी म्हणे.

"कायची मूठ?"

"वरची. आता त्या माणसाले टाकली ना?"

"तो गिऱ्हाईक आहे गा. तू शेठ आहेस."

"शेठले तोंड नसते काय?"

"असते ना. साऱ्या बाजारात तुझंच तं आयकू येते."

आजूबाजूच्या मिरचीवाल्या हसत. मी तणतणत निघून येई आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तिथेच उभा राही. जवस दुसरीकडे मिळत नव्हतं असं नाही. माझ्याच दुकानात नागपूरहून आलेली पाकिटं होती. पण प्रश्न जवसाचा नव्हताच.

तिचं जवस चांगलं होतं, हे मात्र कबूल करतो. दाणा बारीक, तपकिरी, हात घातला तर पाण्यासारखा बोटांतून निसटणारा. आमची बायको ते लोखंडी कढईत तडतडेपर्यंत भाजायची, लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायची. गरम भातावर ती चटणी आणि वर थोडं तेल, एवढं असलं की मी भाजी मागत नसे. कधी वांग्याच्या भाजीत जवसाचं कूट, हिवाळ्यात गूळ घालून लाडू. मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा लाडवांचा डबा तिच्या उशाशीच होता.

बाईच्या घरी जवसाचं काही वाया जात नसे. घाण्यावरून तेल येई, त्यातलं थोडं ती कुऱ्हाडीच्या दांड्याला, खाटेच्या पायांना आणि त्या मापट्याला चोळी. म्हणून ते मापटं चिंचोक्यासारखं चमके. उरलेली ढेप, म्हणजे पेंड, बैलांना. गळू झालं तर शिजवलेल्या जवसाचं गरम पोटीस. पण तिच्याकडे कोणी दुखणं घेऊन आलं आणि जवसाने बरं होईल का म्हणालं, की ती हात आखडता घ्यायची.

"हे औसद नोहे, बापा. खानं आहे. रोज थोडं खा, वरून पानी पी. दुखते तं दवाखान्यात जा."

माल विकणारा असं बोलत नाही. मी तर कधीच बोललो नाही.

मध्ये माझं रक्त तपासलं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. रक्तात चरबी वाढली होती. गोळी लिहून दिली, आणि वर म्हणाले, रोज चमचाभर जवस खात जा. मासे खात नाही ना तुम्ही, मग शरीराला लागणारी चांगली चरबी यातून थोडी मिळेल, चोथा असल्यामुळे पोटही साफ राहील. मात्र भाजून, कुटून खा, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. पाणी भरपूर प्या. आणि गोळी बंद करू नका.

मी तो कागद घेऊनच बाजारात गेलो.

"हे पाहा बाई, डॉक्टरनं जवस सांगतलं. आता तरी मूठ टाक."

तिने कागद उलटा सुलटा पाहिला आणि परत दिला. "डॉक्टरनं सांगतलं तं मूठ डॉक्टरले माग."

त्याच सुमारास मी तिला सरळ सौदा घातला. तुझं सगळं जवस मला दे. घरून उचलतो, तुला उन्हातान्हात इथे बसायला नको. भावही मी बरा दिला होता, माझ्या मानाने तर फारच बरा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या गोदामाले भूक कुठी लागते गा? मी खानाऱ्याले विकतो." त्या दिवशी माझा असा तोल गेला की बाजार थांबला. मी काय काय बोललो ते सांगत नाही. माझं बोलून झाल्यावर तिने शांतपणे डबा उघडला.

"हात कर. घसा सुकला असन."

मी हात केला नाही. पण परत फिरल्यावर दुकानापर्यंत मला हसू येत होतं, ते का, हे मला आजही सांगता येत नाही.

तिचं जवस कसं पिकतं ते ठाऊक असल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आमचा मुलूख धानाचा, भातशेतीचा. बांध घातलेल्या धानाच्या वावराला आम्ही बांधी म्हणतो. धान उभं असतानाच, पाणी ओसरून चिखल ओला असतो तेव्हा, त्याच्या बुडाशी जवस फेकतात. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. विळ्याने धान कापून होतं तोवर खाली बोटभर जवस उगवलेलं असतं, आणि उरल्या ओलीवर ते वाढतं. पूर्वी सगळे करत. मग हार्वेस्टर आलं. पट्ट्यांचं ते अवजड मशीन बांधीतून गेलं की खालचं कोवळं रोप चिखलात गाडलं जातं. एकेकाने जवस सोडलं. तिच्या गावात ती एकटी उरली. तिच्या बांधीतलं बी तिच्या सासूच्या हातचं होतं. दर साल त्यातलंच राखायचं आणि त्यातलंच फेकायचं. एक साल गेलं की बी गेलं.

एका दिवाळीनंतर ती बाजाराचा दिवस नसताना माझ्या दुकानात आली. मी गल्ल्यावरून उठलोसुद्धा नाही.

"शेठ, तुझं तोंड मले आजच्या दिवस दे."

"काऊन?"

"मशीन आली गावात. मागच्या बांधीवाल्याचं धान कापाचं आहे. वाट माझ्या बांधीतून काढून राह्यले. माझं धान मी विळ्यानं कापून ठेवलं, खाली जवस उगवलं आहे. मले कोनी आयकत नाई."

"अन् माझं कोन आयकन?"

"तुझं कान झाकले तरी आयकू येते."

मी दुकान बंद केलं. भर दुपारी. बायकोला वाटलं कोणी गेलं.

तिच्या बांधीवर पोहोचलो तेव्हा मशीन धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, येऊन उभं होतं. मशीनवाला पंजाबकडचा, उंच माणूस, घड्याळाकडे पाहत होता. मागच्या बांधीवाला आणि आणखी दोघेतिघे तावातावाने बोलत होते. एका बाईच्या चटणीसाठी गावाचं धान थांबवायचं का, असं त्यांचं म्हणणं. त्यातही काही चुकीचं नव्हतं. आभाळ भरून आलं होतं.

बाईने कमरेचा डबा काढला. मागच्या बांधीवाल्यासमोर उभी राहिली. "हात कर." तो सवयीने हात पुढे करून बसला. मग दुसरा, तिसरा. मशीनवाल्यालाही तिने खूण केली, त्यानेही हात पुढे केला. मीही केला.

"तुले नाई," ती म्हणाली. "तुले बोलाचं आहे."

सगळ्यांची तोंडं चालू झाली तशी मी सुरुवात केली. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून बैलगाडीची वाट होती. ती मशीनवाल्याला चालत जाऊन दाखवली. वळसा पडत होता, एका जागी धुरा फोडावा लागणार होता. मागच्या बांधीवाला कसाबसा घास गिळून म्हणाला, "वळशाचा वेळ माझ्या माथ्यावर काऊन?"

मी याचीच वाट पाहत होतो. "तुझ्या गोठ्यात म्हशी किती?"

"त्याचं काय इथी?"

"मशीनीनं कापलं का तनीस, सारा पेंढा, चिखलात जाते. उन्हाळ्यात म्हशीले काय, मशीन खाऊ घालशीन? बाईनं विळ्यानं कापलं आहे. सुकी, लांब तनीस. अर्धी तुले. मशीन वळशानं ने."

"माझी तनीस?" बाई मागून ओरडली.

"चूप बस. तोंड आज माझं आहे ना?"

तो अडला. मग पाऊण मागू लागला. मी आवाज चढवला, त्याने चढवला, मशीनवाला मध्ये पडून "चलो, चलो" म्हणू लागला. शेवटी अर्ध्यावरच ठरलं. फोडलेला धुरा त्यानेच बुजवायचा, हेही मी त्यात घातलं. मशीन धडधडत पाळीवरून निघालं आणि वळसा घालून पलीकडे उतरलं. बाई आपल्या बांधीत उकिडवी बसली आणि खालच्या रोपांवरून नुसता हात फिरवत राहिली. रोपांना शिवतही नव्हती.

पौषात एकदा मी मुद्दाम त्या बाजूला गेलो. कापलेल्या धानाच्या पिवळ्या मुलखात तेवढीच एक बांधी जवसाच्या फुलांनी निळी होती. काट्यांचं कुंपण घातलेली, आत गुरं न शिरलेली.

नवं जवस आलं तेव्हा मी बाजारात ऐटीत गेलो. तिने मापटं भरलं, वर हात फिरवला, पिशवीत ओतलं. हात पदराला पुसला.

"बाई! आता तरी?"

"नाई."

"अगं, मशीन कोनं फिरवली?"

"तूच. तोंड आहे तुले, मानलं."

"मंग मूठ काऊन नाई?"

ती बराच वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "गिऱ्हाईक परत याव म्हनून मूठ टाकाची असते. तू तं भांडाले येतस. मूठ देली का भांडन संपलं. मंग येशीन काऊन?"

मिरचीवाल्या त्या दिवशी हसल्या नाहीत. मी पिशवी उचलली आणि तिचा भाव कसा चढा आहे यावर बरंच बोललो. तीही बोलली.

त्यानंतर कितीतरी बाजार आम्ही असेच भांडलो. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दुखणं नव्हतं, वय झालं होतं. गोळी मी अजून घेतो आणि चमचाभर जवसही. पण काही आठवडे मी मिरचीवाल्यांच्या रांगेकडे फिरकलो नाही.

परवा गेलो. तिच्या जागी तिची सून बसली होती. तीच टोपली, तेच मापटं, तेलाने चमकणारं. दाणा मी बोटांत घेऊन पाहिला. बारीक, तपकिरी. तिने मापटं भरलं, पिशवीत ओतलं आणि वरून एक भरगच्च मूठ टाकली.

मी पिशवीत हात घातला, मूठ भरून घेतली आणि तिच्या टोपलीत परत टाकली.

ती घाबरली. "काय झालं जी भाऊ? कमी वाटली?"

"जास्त झाली," मी म्हणालो. "असं कोनी विकते काय? अन् भाव काय लावला तू? लुटून राह्यली का लोकायले?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मांडीजवळचा डबा उघडला.

"हात करा, भाऊ."

मी हात केला.