पऱ्हाट्यांचा ढीग फोटोत वाईट दिसतो म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिले.

संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात आज परदेशी विद्यार्थी आले होते. शाश्वत विकास अन् उद्याची शहरं, असा त्यांचा अभ्यास. त्यांना घेऊन येणारे साहेब काल आधीच येऊन गेले. आमच्या दारातला पऱ्हाट्यांचा ढीग पाहून म्हणाले, "हा कचरा हलवा. फोटोत वाईट दिसतो."

यंदा बीटी कपाशी बोंडअळीनं खाल्ली. हाती उरल्या त्या झाडांच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, तेच आमचं वर्षभराचं सरपण. तरी सासूबाईंनी अन् मी सगळा ढीग घरामागं वाहून नेला. हातभर ओरखडे निघाले.

आज तेच साहेब शाळेत पडद्यावर चित्रं दाखवत आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी मराठीत सांगत होते, "पऱ्हाट्या शेतात पेटवण्यापेक्षा इंधन म्हणून वापरायला या लोकांना शिकवलं पाहिजे." परदेशी पोरं भराभर लिहून घेत होती.

सासूबाई उठल्याच. "साहेब, काल त तुमीच याले कचरा म्हनत होते! आज आमाले काय शिकवून राह्यले?"

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलंच नाही. हसून म्हणाले, "आजी, पाहुण्यांना चहा द्या."

दिला. त्याच कचऱ्यावर उकळलेला.

तुम्हीच सांगा, शिकवायची गरज कोणाला आहे?