बंडूजींचा पुढचा जन्म

गॅसबत्तीच्या उजेडात मी कितीतरी वर्षं यमराज झालो. तोंडाला काजळ, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर लाकडी गदा. आमच्या दंडारीत, म्हणजे गावोगावच्या नाच-नाटकात, मी नुसता खाकरलो, तरी पुढं बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरत. आता आवाज खोल गेला आणि गुडघेच तेवढे बोलतात. पण कुंताबाईची गोष्ट सांगायला बसलो की, रसिकहो, छाती आपोआप पुढं येते.

कुंताबाई बोरगाव मेघ्याची. विहिरीवरची लहानशी वाडी, तिच्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, रताळी. टोपली डोक्यावर घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायची. १९५४ च्या पावसाळ्याच्या अखेरीला तिचा नवरा बंडूजी तापानं गेला. मागं उरल्या ती, सासू रामबाई आणि दोन लहान मुली.

दहाव्याच्या रात्री दिव्याजवळ पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर जे पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. गाईचं, पाखराचं निघालं तर घर सुखावतं. कुंताबाईच्या घरी टोपली कलंडलेली होती आणि पिठात बारीक नखांची बोटं, मधून शेपटीची रेघ.

"घूस!" शेजारीण बोलून गेली. रामबाईनं तिथंच हात जोडले.

तेवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण त्याच सुमाराला वाडीत घुशीनं बिळं पाडली. रताळ्याचे वेल वरून हिरवेगार, खाली माती पोकळ. कार्तिकी एकादशीच्या बाजारात रताळी विकायची आणि त्यावर हिवाळा काढायचा, असं त्या घराचं चालत आलेलं. आणि सासू काठी उचलू देईना.

"माह्या लेकाले मारतं काय वं?"

मग कुंताबाई बिळापाशी उकिडवी बसून अदबीनं समजूत घाली. "अहो, बांधाकडचं खा ना. हे लेकरांचं हाये."

एका सकाळी ती माझ्या दारात आली. "भाऊ, पुढचा जलम देनारे तुमी. खरं सांगा, ते घूस झाले काय?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी देतो ते जलम आमच्या दंडारीच्या मास्तरनं लिहून देल्ले राह्यते. मले गॅसबत्तीच्या पल्याडचं काईच दिसत नाई. नुसता अंधार. कोनी खोकललं की समजते, मानसं बसली हायेत."

"अन् कोनी नाई खोकललं तर?"

ती उंबऱ्यावर टेकली. "जलमभर मोट हाकली त्याईनं. कोनाचं वाईट केलं नाई. अन् शेवटी घूस? मंग जगले कायसाठी, भाऊ?" पदरानं तोंड पुसून उठली. "उद्या वाडीत या. तुमच्यासमोर आत्याबाई जास्त बोलत नाईत."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. रामबाई बांधावरूनच ओरडली, "याले काऊन आनलं? यम येऊन गेला ना आमच्या घरी एकदा!"

मी खाली पाहिलं. कुंताबाईनं मात्र शांतपणे विचारलं, "आत्याबाई, त्याईले रताळं आवडे काय?"

"रताळं? ताटात दिसलं तर ताट सरकवे."

"मंग आता काऊन खातेत?"

"जलम बदलला की जीभ बदलते."

"जीभ बदलली, लेकरांची माया बदलली. मंग त्या घुशीत त्याईचं राह्यलं काय?"

कुंताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बिळाशी वाकली आणि लग्नानंतर उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव मोठ्यानं घेतलं.

"बंडूजी! तुमी असान तर बाहीर या!"

रामबाईनं कानांवर हात ठेवले. वाडीत काही हललं नाही. मग म्हातारीनं हळूच कानांवरचे हात काढले आणि स्वतःच हाक दिली, "लेका..." बराच वेळ ती बिळाकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "सोड बिळात पानी."

कुंताबाईनं फावड्यानं पाट फोडला. पाणी बुडबुडत आत गेलं आणि दुसऱ्या तोंडातून चिंब घूस निघून नाल्याकडे पळाली. कुंताबाईनं फावडं टाकून काठी घेतली होती, पण काठी वर उठलीच नाही. काठी टाकून ती चिखलात बसली आणि नवरा आत्ताच गेल्यासारखी रडली.

"घूस होती तंवर वाडीत होते, भाऊ. आता कुठं पाहू?"

रामबाई बांध उतरून आली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून बसली. फुटलेला पाट मीच बुजवला.

एकादशीनंतर बोरगावात आमची दंडार लागली. मी गदा आपटत आलो, गर्जना केली. पोरं दबली, आणि बायांमधून कुंताबाई उभी राहिली.

"ओ यमराज! आमच्या त्याईले निरोप सांगजा. रताळी चांगली निघाली म्हना!"

सारा गाव खदखदा हसला. तिच्या शेजारून रामबाईचा बारीक आवाज आला, "अन् धाकटीले दात आले म्हना."

हसू आपोआप थांबलं. पुढचं बोलणं मी विसरलो. मागून मास्तर कुजबुजत होते, ऐकू येत होतं, पण तोंडात येईना. मी गॅसबत्तीच्या पल्याड पाहिलं. गदा खाली ठेवली आणि म्हटलं, "सांगतो, माय."

खेळ संपल्यावर मास्तर फार रागावले. "यमराज निरोप नेत नसतो!"

मी मुकुट काढत म्हटलं, "मग मास्तर, त्या दोघींनी तो द्यावा कोणाजवळ?"