पाण्याची घंटा आणि कुलूपबंद दार

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी बारामतीहून स्कूटीवर जाऊन शिकवत होते. आमच्या मुख्याध्यापकांना विद्यार्थ्यांच्या आरोग्याचं वेड लागलं होतं. वेडच म्हणते, कारण शहाण्या माणसाला एवढे फोटो सुचत नाहीत. हात धुतानाचा फोटो, नखं कापतानाचा फोटो, मोड आलेल्या मटकीचा फोटो. तालुक्याच्या ग्रुपवर फोटो पडेपर्यंत मटकीला कुणी हात लावायचा नाही.

त्यात पाण्याची घंटा आली. ती वाजली की सगळ्यांनी बाटली तोंडाला लावायची. उपक्रम चांगला होता, नाही म्हणत नाही. पण मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला सरांनी कुलूप ठोकलं होतं. स्वच्छ शाळा स्पर्धेची समिती यायची होती, तोवर फरशी चकाचक राहायला हवी. मुलगे कुंपणापलीकडं उसाच्या बांधाला जायचे. मुलींनी काय करायचं? मी किल्ली मागितली की सर म्हणत, "मॅडम, समिती येऊन जाऊ द्या की." समिती काही येईना.

सातवीतली एक पोरगी बाटली नुसती ओठाला लावून खाली ठेवायची. मी रागावले तर म्हणाली, "प्यालं की जावं लागतं, मॅडम." पुढच्याच आठवड्यात तिला थंडीताप भरला, लघवीला आग, पाठीत कळा. बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. तिथून तिची आई थेट शाळेत आली.

"सर, पोरीला पानी पाजा म्हनत्यात डाक्टर, आन् लघवी धरून ठिवू द्यायची न्हाय म्हनत्यात. तुमीच सांगा, हितं जायचं कुठं तिनं?"

सर हळहळले. खोटं कशाला बोलू, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तातडीनं निर्णय घेतला आणि पाण्याची घंटा बंद केली.

माझं डोकंच फिरलं. पोरगी बरी होऊन शाळेत आली, त्या दिवशी मी मैदानातला दगड उचलला आणि कुलूप फोडलं. सर धापा टाकत आले. "मॅडम, समिती..." एवढंच त्यांना बोलता आलं.

"येऊ द्या की," मी म्हणाले. "त्यांनाही लागली तर जातील."

पोरीला हाताला धरून दारापर्यंत नेलं. आतून फिनेलचा वास येत होता. तिनं चपला बाहेर काढल्या आणि तिथंच उभी राहिली.

"जा गं," मी म्हणाले.

ती त्या पांढऱ्या फरशीकडं बघत म्हणाली, "मॅडम, मी गेल्यावर घाण हुईल न्हवं?"