साखळीचा दिवस

वर्षातून एक दिवस आमच्या गावातली वाट बंद असते, हे आम्हाला घर विकताना कुणी सांगितलं नव्हतं. एजंटबाईनं बाकी सगळं सांगितलं. नास नावाचं मोठं गाव जवळ, डब्लिन जवळ, शाळा चांगली, मागे नुसती हिरवळ. "आणि बसस्टॉप?" मी विचारलं. "या शेतातून गेलात की आलाच," असं म्हणून तिनं खिडकीतून बोट दाखवलं. शेत कुणाचं, ते मी विचारलं नाही. शेतकऱ्याच्या पोरीनं आधी तेच विचारायला हवं होतं, पण तेव्हा मला स्वयंपाकघराच्या ओट्याचं फार अप्रूप वाटत होतं.

घरासमोरचा रस्ता म्हणजे बोळच. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडं, फुटपाथ नावाला नाही, आणि वळणावरून गाड्या अशा येतात की जीव मुठीत धरावा. शिवाय तो मोठा वळसा घालून चर्चपाशी निघतो. शेतातली वाट मात्र सरळ. आमच्या घराशेजारच्या लोखंडी फाटकातून आत शिरायचं, काटेरी झुडपांच्या कडेकडेनं जायचं, पलीकडच्या दगडी भिंतीतल्या फटीतून बाहेर पडलं की चर्च आणि चर्चसमोर बस. गावातले सगळे त्याच वाटेनं ये-जा करायचे. शेताचा मालक शेजारच्या बैठ्या घरात राहायचा. एकटा, सडा माणूस, डोक्यावर कायम टोपी. त्याला सगळे काहीतरी वेगळंच म्हणायचे, मी मनात म्हातारबा म्हणायचे.

पहिल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथं संत ब्रिजिडचा सण असतो. लेकीनं शाळेत लव्हाळ्याचा क्रॉस विणून आणला होता, सुटी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसात मीटिंग. मी लॅपटॉप पाठीला लावून धावत फाटकापाशी आले, तर फाटकाला साखळी, आणि साखळीपुढे स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची टाकून म्हातारबा बसलेला. मांडीवर थर्मास.

"आज नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आज नाही. उद्या ग्रँड." म्हणजे उद्या खुशाल जा.

मी म्हटलं, बाबा रे, माझी बस आहे. तो म्हणाला, चहा घेणार का? माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! मी त्याला स्वच्छ मराठीत ऐकवलं, "मेल्या, तुझ्या शेताला काय सोनं लागलंय का? हाडं मोडली तुझी!" त्यानं टोपीला हात लावून "यू टू, यू टू" म्हटलं. मी रस्त्यानं गेले, एका गाडीनं मला गुडघ्यापर्यंत चिखल उडवला, आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली.

संध्याकाळी दारात म्हातारबा हजर, हातात अंड्यांचा खोका. मी काही बोलायच्या आत त्यानं सगळं समजावलं. वाट वर्षभर उघडी ठेवली आणि कधीच अडवली नाही, तर उद्या लोक म्हणतील ही आमचीच. एक दिवस बंद केली की सगळ्यांना आठवतं की शेत माझं आहे आणि मी जाऊ देतोय. त्याचा बाप हेच करायचा, बापाचा बापही. मी म्हटलं, मग कालच्या सुटीच्या दिवशी बंद करायची होतीस, कुणाची अडचण तरी झाली नसती. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला शाळेची पायरी तरी माहीत आहे का अशी त्याला शंका आली असावी. "सुटीच्या दिवशी बंद होती हे कळणार कुणाला?" म्हणाला. मला हसूच फुटलं. राग थोडा उरला होता, पण अंडी चांगली होती.

तेव्हापासून आमचं जमलं. मे महिन्यात ती काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी भरून जायची, आणि ऑगस्टअखेरीला लेक हात-तोंड जांभळं करून ब्लॅकबेरी खात यायची. त्याचे गोऱ्हे कुंपणापलीकडून आमच्याबरोबर चालत यायचे, रोज, जणू त्यांनाही बस पकडायची होती. म्हातारबा दिसला की हवेबद्दल काहीतरी बोलायचा. मी दिलेले बेसनाचे लाडू तो प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, कुलपात ठेवायचा म्हणे. मी ते खरं मानलं, तर लेक म्हणाली, "मम्मा, ही'ज ओन्ली कॉडिंग यू!" चेष्टा करत होता मेला. ते दिवस आठवले की मला चिखलाचा वास येतो आणि बरं वाटतं.

एक काळजी मात्र सगळ्यांनाच होती. डब्लिन आमच्याकडे सरकत होतं. आसपासच्या दोन शेतांत घरांचे बोर्ड लागले होते. म्हातारबाला मूलबाळ नाही, एक पुतण्या, तो शहरात. म्हाताऱ्यानंतर तो शेत विकणार, घेणारा भिंत घालणार, आणि आम्ही, आमची पोरं, सगळे त्या बोळातून गाड्या चुकवत जाणार. उघड कुणी बोलायचं नाही. पण फाटकातून जाताना प्रत्येकाच्या मनात ते असायचंच.

आई गेल्यावर अप्पांना मी इकडे आणलं. माझे वडील. पुण्याच्या कडेला आमचं गाव. आता पुणं त्याच्या डोक्यावरून पुढे गेलंय. भर हिवाळ्यात आणलं म्हणून नवऱ्यानं मला वेड्यात काढलं, पण आईशिवाय त्या घरात अप्पा एकटे, मला बघवेना. पहिला आठवडा ते खिडकीशी बसून होते. मग माकडटोपी घालून वाटेला लागले, ते रोजचेच झाले. आणि मग साखळीचा दिवस आला.

मी त्यांना सांगायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "कळलं की. वहिवाट मोडतोय. शाना हाय म्हातारा!" घरात गेले, आमची एक खुर्ची उचलून आणली, आणि म्हातारबाच्या शेजारी टाकून बसले. मी त्या दिवशी रजा टाकली होती, म्हणून मी दुभाषी. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण दोघंही फाटकाकडे येणाऱ्या माणसाला सारख्याच नजरेनं परत पाठवत होते.

मग अप्पांनी आपली गोष्ट काढली. "त्यास्नी सांग, पोरी. माझ्या शेतातनंबी वाट व्हती. मी कधी अडवली न्हाई." मी सांगत गेले. आमची जमीन एकेक तुकडा करून बिल्डरांकडे गेली. सोसायट्या झाल्या. जिथे अप्पांनी जन्मभर भात लावला, तिथल्या गेटवर एकदा वॉचमननं त्यांना अडवलं, "बाबा, कुणाकडं जायचंय?" अप्पा म्हणाले, "काय सांगू त्याला? म्हटलं, कुणाकडं न्हाई," आणि परत फिरले. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. इंग्रजीत काय सांगितलं ते मला आठवत नाही.

"आन् वाट?" अप्पाच पुढे बोलले. "ती तेवढी हाय अजून. वढ्याकाठच्या मसनवट्याला जायाची वाट ती. बिल्डरला भिंत घालायची व्हती. पर ज्या वाटंनं मढी गेली, ती वाट अडवायची कुणाची छाती? आता डांबरी झालीया. सगळं इकलं ते गेलं. जी फुकट चालू दिली, तिच्यावनं रोज फिरतो."

म्हातारबानं ऐकून घेतलं. "इज दॅट राइट?" म्हणाला, आणि थर्मासमधला चहा ओतून अप्पांपुढे धरला. मग म्हणाला, "आमच्याकडेही म्हणतात तसं. शवपेटी ज्या वाटेनं गेली, ती वाट पुन्हा बंद करायची नाही. म्हणून बापानं आजीला रस्त्यानं नेलं. मी आईला रस्त्यानं नेलं. चर्च तिथे समोर दिसतंय, तरी मुद्दाम लांबून."

मी अप्पांना सांगितलं. अप्पा चर्चच्या सुळक्याकडे बघत राहिले. "आईला लांबनं न्हेलं व्हय," एवढंच म्हणाले. 

उन्हाळ्याआधी अप्पा परत गेले. पुढच्या हिवाळ्यात म्हातारबाला नासच्या दवाखान्यात ठेवलं. फेब्रुवारी जवळ आला तसा पुतण्या माझ्या दारात आला. उंच, अवघडलेला माणूस. म्हणाला, काका सांगतोय की साखळी तुम्ही लावायची. दुसऱ्या कुणी नाही.

मी तडक दवाखान्यात गेले. मनात पक्कं ठरवून गेले होते की आज बोलायचंच. म्हटलं, "या वर्षी राहू दे ना. लोक काय खाऊन टाकणार आहेत का तुझं शेत?" तो उशीवर चिमणीएवढा दिसत होता, पण हट्ट होता तेवढाच.

"लाव," म्हणाला.

"का पण?"

"माझी आहे म्हणून." मग थांबून विचारलं, "तो तुझा बाबा. अजून चालतो का त्याच्या वाटेवरून?"

"रोज," मी म्हटलं.

"ग्रँड," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

मी अप्पांना फोन करून खूप बडबडले. म्हटलं, मरायला टेकला तरी जमीन सुटत नाही याची. सगळ्यांपुढे मला वाईट करतोय. अप्पा म्हणाले, "त्याची हाय, त्यो सांगतोय, तू लाव. हो म्हणालीस न्हवं?" दवाखान्यातून निघताना मी हो म्हणाले होते. म्हणून ठरल्या दिवशी सकाळी उठून साखळी लावली आणि त्याच्याच खुर्चीवर बसले. पाऊस भुरभुरत होता. शेजारणी फाटकाशी यायच्या, मला बघायच्या, "अगं, तूसुद्धा?" असं तोंड करून वळायच्या. लेक रस्त्यानं गेली, जाताना "धिस इज मॉर्टिफाइंग, मम्मा" म्हणून गेली. मी तिथे बसून रडले, रागानंच रडले. उद्या पुतण्यानं शेत विकलं तर सगळे म्हणणार, शेवटची साखळी हिनंच लावली.

ईस्टरच्या आधी म्हातारबा गेला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला घरी आणून ठेवलं, सगळं गाव येऊन चहा-सँडविच घेऊन गेलं, त्याच्या वात्रट गोष्टी सांगून हसलं. मी बेसनाचे लाडू केले होते. प्रेस उघडली तर आत माझाच जुना डबा होता, रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला. मला तिथून बाहेर यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शववाहिनी बोळात येऊन उभी राहिली. माणसांनी पेटी खांद्यावर घेऊन बाहेर आणली. पुतण्या पुढच्या बाजूला होता. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, तर पुतण्यानं मान हलवली.

"रस्त्यानं नाही," तो म्हणाला. "शेतातून. त्यानं सांगून ठेवलंय." मग त्यानं गर्दीत मला शोधलं. "आणि फाटक तुम्ही उघडायचं, म्हणाला."

 त्या गावात म्हाताऱ्या माणसांपैकी एकही असा नव्हता ज्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी पुतण्याकडे बघितलं. जमीन आता त्याची होती. मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, पेटी गेली की काय म्हणतात ते?"

"लहानपणी त्यानंच सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "उघडा."

साखळी खांबाला गुंडाळलेली होती, मीच गुंडाळून ठेवलेली. फाटकाची कडी एका हातानं निघेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढली. निघाली. त्यांनी त्याला आत नेलं. बूट चिखलात रुतत होते, माणसं आळीपाळीनं खांदे बदलत होती, आणि कुंपणापलीकडून गोऱ्हे बरोबर चालत येत होते, नेहमीसारखे. चर्चच्या भिंतीपाशी फट अरुंद पडली, तेव्हा दोघातिघांनी वरचे दगड उतरवून ठेवले. ते दगड नंतर कुणी परत चढवले नाहीत.

पुढे शेत विकलं गेलं. तिथे घरं उभी राहतायत, माझ्या खिडकीतली हिरवळ गेली. पण दोन कुंपणांच्या मधून वाट तशीच ठेवलीय. पुतण्यानं त्या अटीशिवाय विकलंच नाही. फेब्रुवारीत त्या दिवशी फाटकापाशी माझी पावलं अजून आपोआप थांबतात, आणि कुणीतरी "आज नाही" म्हणावं असं फार वाटतं.

त्याला पोचवून आलो त्या दुपारी मी अप्पांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ, ते त्यांच्या डांबरी झालेल्या वाटेवर फिरत होते, मागे हॉर्न ऐकू येत होते. म्हटलं, अप्पा, म्हातारबा गेला.

"कुठनं न्हेलं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"शेतातनं," मी म्हटलं. 

अप्पा कडेला झाले असावेत, हॉर्न लांब गेले. मग म्हणाले, "म्हनून तुला साखळी लावाया लावली, पोरी. आपलं आसल तरच देता येतंय." नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या बशीला जाताना जरा दमानं चाल त्या वाटंनं."