वाढणारा रोबो

आमच्या कॉलेजात नापास मुलांपेक्षा रोबोचे किस्से जास्त साठलेत. दोन माणसं चहाला बसली, की एखादा किस्सा आपोआप सुरू होतो!

रोबो म्हणजे हातपायवाला नव्हे. मोज्यासारखी आत उलटवलेली लांब प्लॅस्टिकची नळी. हवा भरली की टोकाकडून उलगडत वाढते आणि फटीतून, ढिगाऱ्यातून आत शिरते. टोकावरच्या टोपीत कॅमेरा, माइक आणि छोटा स्पीकर; मधून पाणी, औषध धाडायला एक पोकळ वाट. आमच्या लांजेवार सरांचा ध्यास एकच, याने कधीतरी गाडलेला माणूस शोधावा. नाहीतर उन्हाळ्यानंतर लॅबची खोली कॅन्टीनला जाणार, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

*

पहिली नळी आम्ही राजुऱ्यात घेतली, बर्फाच्या कांड्या भरतात ती. दुकानदाराने अख्खं बंडल मोजून दिलं आणि मला विचारलं, "किती कांड्या काढता मॅडम?"

सर म्हणाले, "एकच. पण लांब!"

त्यानंतर तो आम्हाला उधार देईना.

*

नळीला काटा लागला. आमचे टेक्निशियन दिनेशभाऊ ती पंक्चरवाल्याकडे घेऊन गेले. त्याने ती घमेल्यात बुडवली, भोक शोधलं, पॅच मारला आणि गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, याची सायकल कुठी हाय?"

*

गडचांदूरजवळ रस्त्याखालच्या पाइपात रोबो सोडला. स्क्रीनवर दोन डोळे चमकले. दिनेशभाऊ ओरडले, "वाघ!" सगळे जीपच्या टपावर! सर सगळ्यात आधी.

पाइपातून शेळी निघाली. तोंडात आमचा कॅमेरा.

*

वडशाकडच्या एका गावाला सरांनी फोनवर सांगितलं, "आमचा रोबो वाढतो, तो दाखवायला आणतो."

पोचलो तर पंगत बसलेली! पत्रावळी मांडलेल्या, भाताने भरलेले गंज तयार. सरपंचबाई म्हणाल्या, "तुमचा रोबो वाढते म्हनून आमी वाढपी सांगितलेच नाई. कुठी हाय तो?"

मग काय! सरांनी भात वाढला, मी वरण. एक आजोबा सरांकडे निरखून बघत म्हणाले, "हुबेहूब मानसासारखा बनवला हो!"

*

आणि विहिरीचा किस्सा. खोदकाम चालू असताना कड ढासळली आणि आत काम करणारे गणपतभाऊ गाडले गेले. आम्ही रोबो घेऊन पोचलो, तेव्हा लोक हातांनी माती उपसत होते. त्यांची बायको सुमनबाई काठावर रडत होती.

दगडांच्या फटीतून रोबो सोडला. नळी वाढत गेली. सरांनी माइकवर हाक मारली, "गणपतभाऊ, ऐकू येतं का?"

सरांनी पुन्हा हाक मारली. सुमनबाईंनी पदर तोंडात कोंबला.

मग आमच्या वरच्या स्पीकरवर खोकला आला. "हाय, हाय. जिता हाय. पाय अडकला."

सगळा गाव ओरडला! सरांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पाणी पाठवू का?"

"पानी नोको. कोनाजवळ तंबाखूचा खर्रा हाय का भाऊ? या नळीतून हळूच धाडा. तीन महिने झाले, बायकोनं बंद केला. तिले सांगू नोका."

स्पीकर केवढ्या मोठ्याने लागलेला! सगळा गाव सुमनबाईंकडे बघायला लागला. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, कमरेतून घोटलेल्या खर्र्याची पुडी काढून माझ्या मुठीत कोंबली आणि कानात म्हणाल्या,

"धाडा. पन माहा हाय म्हनून सांगू नोका!"